मुंबईच्या बाजारात तळहाताएवढं पापलेट विकायला बंदी आहे का? किती मोठं घ्यावं?

हो, १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पापलेट पकडायला राज्यात मनाई आहे. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली. बोंबलासाठी ती १८० मिलिमीटर आहे. हे आकडे केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेच्या मुंबई केंद्राच्या अभ्यासातून आले. माशाला निदान एकदा तरी अंडी घालायला मिळावी, हे त्यामागचं तत्त्व. नेहमीचं बॉलपेन साधारण १४ सेंटीमीटरचं असतं. ते पापलेटाशेजारी धरा, मासा पेनाहून आखूड दिसला तर घेऊ नका, स्वस्त मिळाला तरी. पण लहान दिसणारा प्रत्येक मासा म्हणजे पिल्लू नव्हे. मांदेली, जवळा पूर्ण वाढूनही लहानच राहतात, ते खुशाल घ्या. आणि टोपली घेऊन बसलेल्या मावशींशी वाद घालू नका. पिल्लं अडकतात ती जाळ्याच्या शेपटाकडच्या बारीक आसात, म्हणजे छिद्रांत, आणि होडीत येईपर्यंत बहुतेक मेलेलीच असतात, परत समुद्रात टाकून उपयोग नसतो. म्हणून माझ्या मते बाजारातल्या तपासणीइतकीच, किंबहुना जास्तच, जाळ्याच्या आसाची तपासणी बंदरावर व्हायला हवी.