गरुडामागची भोकं

प्रश्न : काका, मी नोकरीनिमित्त स्टुटगार्टला असतो. इथल्या जुन्या बाजारात एकजण पिकेलहाउबे, म्हणजे ते सुळक्याचं जर्मन शिरस्त्राण, ६५० युरोला देतोय. प्रशिया या जुन्या जर्मन राज्यातल्या ऑफिसरचं आहे म्हणतो. पुढचा गरुड सोन्यासारखा चमकतोय. घेऊ का?

उत्तर : गरुड चमकतोय हे कळलं. त्याच्या मागे काय आहे ते पाहिलंस का?

शिपायाला शिरस्त्राण सरकारी कोठारातून मिळायचं. ऑफिसर ते खिशातले पैसे घालून दुकानातून घ्यायचा, म्हणून त्याचं सगळंच नाजूक. सुळका उंच, त्याच्या गळ्याशी मण्यांची बारीक कडी. बुडाशी शिपायाला चार साध्या गोल घुंड्या, तर ऑफिसरला चार चांदण्या. आत घामपट्टीच्या वर रेशमी अस्तर. पुढच्या व्हायझरची, म्हणजे टोपीबाहेर आलेल्या कडेची, खालची बाजू हिरवी, मागच्याची तांबडी. १८९७ नंतरचं असेल तर दोन्ही कानांशी कोकार्डे (गोल रंगीत बिल्ले) हवीत: उजवीकडे साम्राज्याचं काळं-पांढरं-तांबडं, डावीकडे ज्या त्या राज्याचं. प्रशियाचं काळं-पांढरं, तुझ्या स्टुटगार्टच्या व्युर्टेम्बर्ग राज्याचं काळं-तांबडं.

हे सगळं विक्रेत्यालाही पाठ असतं, आणि त्यातलं बरंचसं नंतर चिकटवता येतं. म्हणून ते हातात घे आणि आत बघ. ऑफिसरचा गरुड आतून नट लावून पक्का केलेला असतो. शिपायाच्या गरुडाला मागे पितळी कड्या असतात आणि त्यांत चामड्याच्या पाचरी ठोकलेल्या असतात. मी तिकडे कामाला होतो तेव्हा असंच एक शिरस्त्राण दोन पगार साठवून घेतलं होतं. घरी आल्यावर नट सैल करून गरुड बाजूला केला, तर मागे भोकांची आणखी एक जोडी! कधीकाळी तिथे बव्हेरिया या दुसऱ्या जर्मन राज्याचे सिंह बसलेले होते. विक्रेता दुसऱ्या शनिवारी त्या जागेवर नव्हता. ते शिरस्त्राण अजून माझ्या कपाटात आहे. बायको त्याला ‘फसवणूकराव’ म्हणते.

चामड्याला नव्या चपलेचा वास येत असेल तर निमूट पुढे चाल. हल्ली अशा नकला आपल्याच देशात बनून तिकडे जातात. तू जर्मनीत ‘मेड इन इंडिया’ गरुड विकत घ्यावास, यापरता विनोद नाही.

प्रश्न : आमच्या साताऱ्याकडच्या वाड्यात ट्रंकेत असंच एक शिरस्त्राण सापडलं. पणजोबा खडकीच्या सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलात होते. त्यांनी फ्रान्सहून ‘जर्मन कर्नलची टोपी’ आणली असं घरात सांगतात. आईने गरुड चिंचेने घासून लख्ख केला आणि चामड्याला खोबरेल चोळलं. फोटो पाठवतोय.

उत्तर : आईंना आता काही बोलू नका, पण चिंच पुन्हा नको. ऑफिसरच्या गरुडावर सोन्याचा मुलामा असतो, तो तुमच्या गरुडावर असता तर तेवढ्यात गेला असता. तुमचा साधा पितळेचा आहे, म्हणून निभावलं. कारण ही टोपी कर्नलची नाही. घुंड्या गोल आहेत आणि मागच्या व्हायझरखाली ‘बी. ए.’ अक्षरं व पुढे रोमन सात असा शिक्का आहे. हे प्रशियाच्या सातव्या कोअरचं (कोअर म्हणजे फौजेचा मोठा विभाग), म्युन्स्टरचं, कपडेकोठार.

आणि मला तर हा शिक्का सोन्याच्या गरुडाहून मोलाचा वाटतो. अशी घराण्यातली गोष्ट सहसा मी मानत नाही, कारण पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी बहुतेक मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) तुर्कांशी लढल्या. तिथे हे कुठून मिळणार? पण खडकीच्या सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या खरोखरच फ्रान्समध्ये होत्या. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी ४७ व्या शीख पलटणीबरोबर त्या नव्ह शापेल गावात शिरल्या, घराघरांतून लढल्या आणि भयंकर नुकसान सोसून मागे आल्या. पुढे मार्च १९१५ मध्ये भारतीय फौजेने त्याच गावावर हल्ला केला, तेव्हा समोर याच सातव्या कोअरची माणसं होती.

तेल कोरड्या सुती फडक्याने टिपून घ्या. वरचा काळा थर लाखेचा असतो, तो तेल पीत नाही, नुसता चिकट होतो आणि धूळ धरतो. आत पांढरा कोरा कागद चुरगाळून भरा, आणि टोपी व्हायझरवर टेकवून ठेवू नका. वजनाने शिवण उसवते. साताऱ्याचा पावसाळा बघता ट्रंकेपेक्षा उघडं कपाट बरं. आणि कोणी परदेशी गिऱ्हाईक आलंच तर लक्षात ठेवा, शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते, ती अशी परस्पर बाहेर पाठवता येत नाही.

त्याच ट्रंकेत पणजोबांचा डिस्चार्जचा कागद आहे का, तेवढं बघा. कंपनीचा आकडा २० किंवा २१ निघाला, तर पुढच्या अंकाची वाट न बघता कळवा.