‘आब्लारीआ’ म्हणजे ‘बोलेन’ की ‘बोललो असतो’?

रावेरच्या एका भाऊंचा प्रश्न आहे. केळीच्या निर्यातीत इक्वेडोरचं नाव सतत कानावर येतं म्हणून ते स्पॅनिश शिकायला लागले आणि ‘आब्लार’ (बोलणे) या क्रियापदाच्या संकेतार्थी रूपाशी अडले. रूप कसं करायचं आणि मराठीत त्याला काय म्हणायचं?

रूप करणं सोपं आहे. क्रियापदाच्या शेवटी आर, एर, इर काहीही असो, ते अख्खं तसंच ठेवून पुढे प्रत्यय लावायचा. मी आब्लारीआ, तू आब्लारीआस, तो किंवा ती आब्लारीआ, आम्ही आब्लारीआमोस, तुम्ही आब्लारीआइस, ते आब्लारीआन. कोमेरचं (खाणे) कोमेरीआ, बिबिरचं (राहणे) बिबिरीआ. जोर ‘री’वर. तो ‘र’ मात्र गिळू नका, कारण नुसतं ‘कोमीआ’ म्हटलं की अर्थ ‘खायचो’ असा होतो. पुरुष-बाई भेद नाही. ‘मी’ आणि ‘तो’ची रूपं सारखीच, म्हणून घोळ होईल तिथे ‘यो’ (मी) लावतात.

आता अर्थ. आपण म्हणतो, ‘पैसे असते तर ट्रॅक्टर घेतला असता.’ हे आजचं बोलणं की गेल्या हंगामाचं, ते आपण संदर्भावरून ओळखतो. स्पॅनिशला ते सांगावं लागतं. आजचं असेल तर ‘सी तुबिएरा दिनेरो, कोम्प्रारीआ उन त्राक्तोर’. वेळ निघून गेली असेल तर ‘आब्रीआ कोम्प्रादो’. दुसरी खाच अशी की मराठीत दोन्हीकडे ‘असते-असता’ येतं, म्हणून आपला माणूस ‘सी’च्या (जर) मागोमागही रीआ लावतो. ते प्रमाण भाषेत चुकीचं. स्पेनच्या उत्तर भागात काही लोक घरात तसं बोलतात खरे, पण परीक्षेत मार्क जातील.

दुकानात आपण ‘दोन डझन केळी हवी होती’ म्हणतो ना, भूतकाळ नसतानाही? ते मऊपण स्पॅनिशमध्ये याच रूपात येतं: ‘मे गुस्तारीआ साबेर’, म्हणजे ‘जरा माहिती हवी होती’. व्यापाराच्या पत्रात माझ्या मते पहिलं हेच शिकावं. ‘तेव्हा तीन वाजले असतील’ या अंदाजालाही ‘सेरीआन लास त्रेस’.

‘बोलेन’ही कधी बसतं. ‘ट्रक दुसऱ्या दिवशी येईल म्हणाला’ यात आपण ‘येईल’ तसंच ठेवतो. स्पॅनिश म्हणते, ‘दिखो के एल कामिओन येगारीआ अल दीआ सिगिएन्ते.’ इथे ‘आला असता’ असं भाषांतर केलंत तर ट्रक आलाच नाही असं होईल.

अनियमित थोडीच आहेत: तेनेरचं (जवळ असणे) तेन्द्रीआ, आसेरचं (करणे) आरीआ, देसिरचं (सांगणे) दिरीआ, पोदेरचं (शकणे) पोद्रीआ वगैरे. तिथेही बदलतो तो फक्त आधीचा भाग, प्रत्यय हेच.