फाईल कोण कोण वापरतं? आयबीएम आयवर पूर्ण यादी कशी काढावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आयबीएम आय या आयबीएमच्या सर्व्हर-प्रणालीवर ग्राहक-मास्टर फाईलमधलं नावाचं फील्ड वाढवायचंय, कोणता प्रोग्रॅम कोणती फाईल वापरतो ते दाखवणारी डीएसपी-पीजीएम-आरईएफ कमांड चालवली, पण यादीत एकही क्वेरी नाही. ही यादी पुरेशी धरावी का? नाही. (कमांडच्या नावातले हायफन वाचायला सोपं जावं म्हणून टाकलेत, स्क्रीनवर टाइप करू नका; ‘स्टार’ म्हणजे * हे चिन्ह.)

क्वेरी न येण्याचं कारण साधं आहे. ऑब्जेक्ट टाइप दिला नाही तर ही कमांड फक्त स्टार-पीजीएम, म्हणजे प्रोग्रॅम, बघते. तिथे स्टार-ऑल द्या, म्हणजे सर्व्हिस प्रोग्रॅम, मॉड्यूल, एसक्यूएल पॅकेज आणि क्वेरी/४०० (युजरने स्वतः अहवाल काढायचं साधन) च्या डेफिनिशन, सगळं येईल. लायब्ररीला स्टार-ऑल-यूएसआर, म्हणजे युजरच्या सगळ्या लायब्ररी, आणि आउटपुट आउटफाईलमध्ये, म्हणजे निकाल साठवणाऱ्या फाईलमध्ये. हे रात्री बॅचला टाका, वेळ लागतो.

पण त्याआधी डीएसपी-डीबीआर. जुन्या आरपीजी (या प्रणालीवरची प्रोग्रॅमिंग भाषा) प्रोग्रॅममध्ये फिजिकलचं, म्हणजे डेटा असलेल्या मूळ फाईलचं, नाव क्वचितच असतं, बहुतेक जण लॉजिकलच, म्हणजे त्याच डेटाची वेगळी मांडणी, उघडतात. डीएसपी-डीबीआर त्या फिजिकलवरच्या सगळ्या लॉजिकल, व्ह्यू आणि इंडेक्स देते. ती सगळी नावं घेऊन आउटफाईलच्या डब्ल्यूएच-एफएनएएम (फाईलचं नाव) कॉलमवर शोधा. लायब्ररीच्या कॉलमवर गाळणी लावू नका, तिथे बऱ्याचदा नुसतं स्टार-लिबल, म्हणजे ‘लायब्ररी यादीत शोधा’, असतं. डब्ल्यूएच-एफयूएसजीमध्ये वापर कळतो: १ म्हणजे इनपुट, २ आउटपुट, ४ अपडेट, आणि एकाहून जास्त असतील तर बेरीज.

एखाद्या लॉजिकलमध्ये फील्डांची स्वतंत्र यादी असेल आणि तुमचं फील्ड त्यात नसेल, तर तिचा फॉरमॅट बदलत नाही. तिच्यावरचे प्रोग्रॅम रीकंपाइल करावे लागत नाहीत. बाकीचे प्रोग्रॅम फाईल उघडताना लेव्हल चेकची (फॉरमॅट जुळतो का याची तपासणी) सीपीएफ ४१३१ ही चूक देऊन थांबतील, आणि थांबलेलेच बरे. कोणी लेव्हल चेक बंद करायचा सल्ला दिला तर ऐकू नका, पुढच्या फील्डांच्या जागा सरकतात आणि भलताच डेटा वाचला जातो. एम्बेडेड एसक्यूएलला ही लेव्हल चेकची अडवणूकच नाही. तो प्रोग्रॅम तसाच चालत राहील आणि लांब नाव गुपचूप कापेल, म्हणून ते प्रोग्रॅम यादीत वेगळे काढा.

आता या यादीत जे येतच नाही त्याकडे वळू. सीएलमध्ये (कमांड लिहायची भाषा) फाईलचं नाव व्हेरिएबलमधून दिलं असेल तर आउटफाईलमध्ये अँपरसँडसकट व्हेरिएबलचं नाव दिसतं, एक्स्प्रेशन असेल तर स्टार-एक्सपीआर. असे सगळे प्रोग्रॅम हाताने उघडून बघावे लागतात, दुसरा उपाय नाही. क्वेरी चालवणारी रन-क्यूआरवाय कमांड हा त्यातला खास चकवा: डेफिनिशनमध्ये एक फाईल आणि सीएलने क्यूआरवाय-फाईल पॅरामीटरमधून दिलेली दुसरीच. यासाठी सोर्सवर शब्द शोधणारी एफएनडी-एसटीआर-पीडीएम चालवा. सोर्स खरोखर त्याच ऑब्जेक्टचा आहे ना, हे डीएसपी-ओबीजेडीच्या (ऑब्जेक्टची माहिती दाखवणारी कमांड) सर्व्हिस माहितीत तपासून घ्या.

क्वेरी मॅनेजर या एसक्यूएलवर चालणाऱ्या वेगळ्या साधनाच्या क्वेऱ्या डीएसपी-पीजीएम-आरईएफला दिसत नाहीत. आरटीव्ही-क्यूएमक्यूआरवायने त्यांचं एसक्यूएल सोर्स मेंबरमध्ये उतरवा आणि तिथे शोधा. एसक्यूएलचे ट्रिगर आणि प्रोसिजर असतील तर क्यूएसवायएस२ या सिस्टीमच्या लायब्ररीमधल्या सिस-ट्रिग-डेप आणि सिस-रूटीन-डेप या कॅटलॉगवर नजर टाका.

क्वेरी/४०० ची यादी बहुधा भलीमोठी निघेल. युजर लोक एकेक क्वेरी कॉपी करून ठेवतात आणि विसरतात. शेवटच्या वापराची तारीख डीएसपी-ओबीजेडीमधून घ्या आणि वर्षानुवर्षं न चाललेल्या बाजूला काढा. डिलीट मात्र मालकाला विचारल्याशिवाय करू नका.

राहिलं अकाउंट्ससारख्या विभागांतलं, थेट फाईल वाचणारं एक्सेल. ओडीबीसीवरून (पीसीवरून डेटाबेसला जोडणारा दुवा) येणारं डायनॅमिक एसक्यूएल कुठल्याच ऑब्जेक्टमध्ये नोंदलेलं नसतं. ते प्लॅन कॅशमध्ये (चाललेल्या एसक्यूएलची तात्पुरती नोंद) सापडू शकतं, पण आयपीएल (सिस्टीम पुन्हा सुरू करणं) झाला की प्लॅन कॅश रिकामा. खात्रीचा मार्ग म्हणजे सीएचजी-ओबीजे-एयूडीने फाईलवर ऑडिट स्टार-ऑल लावणं. त्यासाठी क्यू-एयूडी-सीटीएल या सिस्टीम सेटिंगमध्ये स्टार-ओबीजे-एयूडी हवं. मग क्यू-एयूडी-जेआरएन या ऑडिट जर्नलमधल्या झेड-आर (वाचन) आणि झेड-सी (बदल) नोंदींत जॉब, युजर आणि प्रोग्रॅम मिळतात. या नोंदी साठवणारे जर्नल रिसीव्हर भराभर वाढतात, तेव्हा डिस्कवर लक्ष असू द्या.

ऑडिट निदान एक महिनाअखेर तरी ओलांडू द्या. मार्चअखेरचे जॉब तेवढ्यातही येणार नाहीत. ते डब्ल्यूआरके-जॉब-एससीडीईच्या, म्हणजे वेळ ठरवून ठेवलेल्या जॉबच्या, यादीत शोधा, आणि जे कोणी दरवर्षी हाताने चालवतात त्यांना प्रत्यक्ष जाऊन विचारा.