ट्रॅक्टर दिसला की घोडा उसळतो!

प्रश्न: सारंगखेड्याच्या बाजारातून 3 वर्षांचा मारवाडी घोडा घेतला, एरवी गरीब आहे, पण परवा ट्रॅक्टर बघून बुजला, डोकं खाली घालून उसळ्या मारल्या नि मी पडता पडता वाचलो. चाबूक वापरू का?

उत्तर: अजिबात नको दादा! पोरच आहे ते, माजलेलं नाही, घाबरलंय. उसळायला त्याला डोकं खाली न्यावं लागतं, म्हणून लगाम दोन्हीकडून खेचत बसू नका, एकाच बाजूने हळूहळू गुडघ्याकडे ओढा, मान वळली की मागचे पाय बाजूला टाकावे लागतात नि जोर जातो. भरधाव असेल तर मात्र झटकन वळवू नका, दोघंही पडाल, मोठ्या गोलात फिरवत आणा. हेल्मेट घालता ना? फेटा चालत नाही हां. आणि ट्रॅक्टर आधी खाली उतरून, लांबून दाखवा, रोज थोडं जवळ.