मेंढीची नाळ नव्हे, जार!

प्रश्न असा : मेंढीच्या गर्भारपणावरचा लेख मराठीत आणताना ‘प्लॅसेंटा’ला नाळ म्हणावं का, आणि ‘हार्मोन रिसेप्टर’ला काय म्हणावं?

नाळ? अहो, नाळ म्हणजे बेंबीची दोरी! ती जिला जोडलेली असते ती वार, म्हणजेच प्लॅसेंटा. ‘मातीशी नाळ जोडलेली’ ऐकून ऐकून नाळेच्या दुसऱ्या टोकाला काय असतं हेच लोक विसरलेत.

जनावरांसाठी तर गोठ्यातला शब्द तयार आहे : जार. ‘गाय व्याली, आता जार पडायची वाट बघतोय.’ माझ्या मते हा थेट संस्कृत ‘जरायु’चा, म्हणजे गर्भाच्या वेष्टणाचा, वंशज. ऋग्वेदात (5.78.8) दहा महिन्यांच्या गर्भाला सांगितलंय, ‘सहावेहि जरायुणा’, जरायूसकट खाली ये. जरायूतून जन्मतात ते जरायुज. संतांच्या चार खाणींत, म्हणजे जीव जन्मण्याच्या चार प्रकारांत, तेच जारज झाले : अंडज, जारज, स्वेदज, उद्भिज. जरायु आणि जार यांच्यामधला दुवाच हा! ‘जारज म्हणजे अनौरस’ एवढंच पाठ असलेले पंडित इथे अडखळतात. मग काय, समस्त गाई-म्हशी अनौरस? परिभाषाकारांचा ‘अपरा’ आयुर्वेदातला आहे, मान्य. पण एखाद्या मेंढपाळापुढे उच्चारून बघा.

बरं, ‘प्लॅसेंटा’ तरी मेंढीला कुठे शोभतो? लॅटिनमध्ये ती चपटी पोळी. रेआल्दो कोलोम्बो या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने 1559 मध्ये माणसाची गोल वार तशी दिसते म्हणून हे नाव वापरलं. मेंढीत पोळी नाहीच, साधारण 70 ते 100 सुट्या गाठी. त्यांच्या गर्भाकडच्या भागाला कॉटिलेडन म्हणतात. मुळात ग्रीक ‘कोट्यूले’, म्हणजे वाटी. वनस्पतिशास्त्रात हाच शब्द बीजपत्राला वापरतात, म्हणून एका अनुवादात त्याचं चक्क ‘बीजपत्र’ झालेलं वाचलंय! मेंढीच्या पोटात रोप उगवलं म्हणायचं. गंमत अशी की मेंढीची गाठ खरोखरच वाटीसारखी खोलगट असते, गाईची फुगीर.

हां, रिसेप्टर. हार्मोन म्हणजे संप्रेरक, आणि रिसेप्टर म्हणजे ते धरणारा पेशीतला रेणू; म्हणून ‘संप्रेरकग्राही’ म्हणा. ‘ग्राहक’ नको, दुकान आठवतं. तुमच्या लेखात तो शब्द पदोपदी लागेल, कारण मेंढीचा कोवळा गर्भ इंटरफेरॉन-टाऊ नावाचं प्रथिन सोडून गर्भाशयात ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचे ग्राही वाढू देत नाही, म्हणून अंडाशयातला पीतपिंड, म्हणजे गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक बनवणारी ग्रंथी, टिकतो. साधारण 50 दिवसांनंतर पुरेसं प्रोजेस्टेरॉन खुद्द जारमधूनच मिळतं. आणि ‘शेळ्यामेंढ्या’ असं एका दमात लिहू नका. शेळीला पीतपिंड शेवटपर्यंत लागतो.