पाणी आल्यावर मोटर लावली की फ्यूज उडतो, जाड तार टाकू का?

नका टाकू. आधी हे सांगतो, मग बाकीचं.

तुम्ही लिहिलंय की घर सोलापुरात साखर पेठेतलं, जुनं आहे, उन्हाळ्यात कूलर चालूच असतो, पाणी आलं की अर्ध्या एचपीची मोटर लावता आणि पाच-दहा मिनिटांनी फ्यूज जातो, आणि शेजारचे म्हणतात जाड तार टाका म्हणजे कटकट मिटेल. मी यंत्रमागाच्या कारखान्यात मेंटेनन्स बघतो, तारा बांधणं रोजचंच आहे, म्हणून सांगतो की ती पाच-दहा मिनिटं हीच मोठी खूण आहे बघा. शॉर्ट असता तर बटण दाबल्याबरोबर फाटकन गेला असता.

पुढच्या वेळी उडाला की मेन बंद करून किटकॅट (फ्यूजची तार बांधतात तो चिनी मातीचा तुकडा) उपसा आणि नवी तार घालायच्या आधी जुनी नीट बघा, बहुतेक लोक हेच करत नाहीत. चिनी मातीवर काळं फासलंय, तांब्याचे बारीक कण चिकटलेत, तार जवळजवळ गायबच आहे तर शॉर्ट. तार मधोमध वितळून दोन्ही टोकं शिल्लक राहिली असतील तर लोड जास्त. स्क्रूपाशी तुटलीय आणि तिथलं पितळ काळपट पडलंय तर स्क्रू ढिला होता, तिथंच गरम होऊन गेली, मग लोडचा काही संबंध नाही. तुमच्याकडं मधोमध तुटलेली निघेल असा माझा अंदाज.

आता हिशोब. फ्यूजची 5 अँपिअरची तार, म्हणजे साधारण 0.2 मिमीची, ती 5 ला तुटत नाही हं, साधारण दुपटीला जाऊन वितळते, आणि दुपटीच्या जवळपास असली की लगेच नाही, जरा वेळ घेऊन. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते म्हणून करंट दुप्पट झाला की तार चौपट तापते. मोटर 3-4 अँपिअर, कूलर एक, फ्रिज एक, पंखे टीव्ही मिळून एक, झाले की सहा-सात. त्यात कुणी इस्त्री लावली (1000 वॅटची असली तर 230 व्होल्टला सव्वाचार) की गेलाच. आणि आपल्याकडं पाणी रोज येत नाही, आलं की गल्लीतल्या सगळ्यांच्या मोटरी एकदम चालू, व्होल्टेज पडतं, आणि व्होल्टेज पडलं की मोटर तेवढंच पाणी ओढायला जास्त करंट घेते. म्हणून हे नेमकं पाण्याच्या वेळेलाच होतं. (नळाला डायरेक्ट मोटर लावावी का हा वेगळा विषय, त्यात मी पडत नाही.)

अजून एक, मोटर सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहापट खेचते, पण क्षणभरच, तेवढं तार सोसते. कपॅसिटर (मोटरला सुरुवातीचा जोर देणारा डबा) वीक झाला असेल किंवा इंपेलर (पाणी ढकलणारा पंखा) जाम असेल तर मोटर नुसती हूं करत बसते आणि तो सुरुवातीचा करंट उतरतच नाही. तसा आवाज येत असेल तर फ्यूजला दोष देऊ नका, मोटर दाखवा.

जाड तारेचं म्हणाल तर, लोक वायर सोलून त्यातले चार-पाच धागे पिळून घालतात, मग ती कितीला तुटेल हे कुणालाच सांगता येत नाही. तुमच्या भिंतीतली वायर 1 स्क्वेअर मिमीची असेल तर ती दहा-अकरा अँपिअरच्या वर न्यायची नसते, तिचं पीव्हीसी 70 डिग्रीपर्यंतचं, आणि मे महिन्यात आपल्या स्लॅबखालच्या पाइपात आधीच केवढं तापलेलं असतं ते सोलापूरकराला काय सांगायचं. फ्यूज वितळला नाही तर भिंतीतली वायर वितळणार, कुठं ते दिसणारही नाही.

आमच्याकडं कारखान्यात थ्री फेजला, म्हणजे तीन लाइनवर चालणाऱ्या मोटरींना, हा प्रकार उलटा त्रास देतो, तीनपैकी एकाच फेजचा फ्यूज गेला की मोटर दोन फेजवर घुमत राहते आणि कुणी बंद केली नाही तर वाइंडिंग जळतं. म्हणून तिथं नुसत्या फ्यूजवर भागत नाही, ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटरच बंद करणारा, लागतो.

तुम्ही एवढं करा: मोटरला मीटरपासून वेगळी 2.5 स्क्वेअरची तांब्याची लाइन ओढून घ्या, तिला सी टाइप एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, सी टाइप सुरुवातीचा झटका सोसतो) लावा, बी टाइप मोटर सुरू होतानाच ट्रिप होऊ शकतो. एमसीबी किती अँपिअरचा ते वायरमन मोटरची पाटी बघून ठरवेल. खर्च होईल, पण किटकॅट बांधत बसण्यापेक्षा बरं.

आणि कूलर आहे म्हणून सांगतो, फ्यूज काय किंवा एमसीबी काय, शॉकपासून वाचवत नाहीत. माणसाला 30 मिलीअँपिअरसुद्धा भारी पडतो, फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. पत्र्याचा कूलर, खाली पाणी, त्यात अनवाणी पाय. त्यासाठी 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट बाहेर गळला की लाइन तोडणारा स्विच) वेगळा लागतो, आणि अर्थिंग खरंच जमिनीपर्यंत गेलंय का तेही बघून घ्या. जुन्या घरात थ्री पिनचं सॉकेट असतं पण वरच्या भोकाला मागं वायरच जोडलेली नसते.