कमिट जास्त, म्हणून लीड तोच का?

प्रश्न : ताई नमस्कार. मी लातूरचा, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही काही पोरापोरींनी मिळून मोंढ्यातले रोजचे भाव दाखवणारं ॲप केलंय, कोड गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या वेबसाइटवर, सगळ्यांना खुला आहे, लिंक सोबत देतोय. आमचा लीड, म्हणजे टीमचा प्रमुख, नोकरीसाठी पुण्याला चाललाय, त्याच्या जागी कोण यावरून वाद पेटलाय. एका मित्राचे कमिट, म्हणजे कोडमध्ये नोंदवलेले बदल, सगळ्यात जास्त. दुसरी औसा भागातली मैत्रीण, ती टेस्टिंग करते, मराठी मजकूर लिहिते, शेतकऱ्यांचे फोन घेते. काहीजण म्हणायलेत तिला करू, सगळी पोरंच नकोत, बाहेर बरं दिसतं. बाकीचे म्हणायलेत इथं फक्त मेरिट, इथं तरी कोटा आणू नका. काय करावं?

उत्तर : अरे, एक गट म्हणतो पोरगी आहे म्हणून, दुसरा म्हणतो कमिट आहेत म्हणून, आणि लीडनं करायचं काय ते तुझ्या अख्ख्या पत्रात कुठंच नाही! दुसऱ्याचा कोड तपासायचा, नव्या पोराला न हिणवता "हे असं चालणार नाही" सांगायचं, कुठलं फीचर घ्यायचं नाही ते ठरवायचं, ग्रुपवरची भांडणं मिटवायची, हे लीडचं काम, आणि यातलं किती कमिटच्या आकड्यात दिसतं सांग बरं.

लिंक दिलीस म्हणून तुमच्या कोडची हिस्ट्री चाळली. आधी ॲपमध्ये सोयाबीनचा कमाल दर मोठ्या अक्षरात यायचा. बाजार समितीच्या तक्त्यात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात, आणि कमाल म्हणजे त्या दिवशी एखाद्याच्याच चांगल्या मालाला लागलेला. तो बघून माणूस पोती घेऊन मोंढ्यात येणार, आडतीवर कमी भाव निघणार, मग शिव्या तुमच्या ॲपला. फोन तिनं घेतले, आणि सर्वसाधारण दर वर, कमाल खाली बारीक, हा बदलही तिनंच केला. चार ओळी, एक कमिट. त्याच सुमारास तुझ्या मित्रानं सगळ्या फायलींवर फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप नीट करणारं टूल, फिरवला, हजारो ओळी त्याच्या नावावर चढल्या. तेही काम लागतंच, मी नावं ठेवत नाही, पण मोजणार असाल तर मोजमाप तरी धड पाहिजे ना.

हे मोठ्या प्रोजेक्टांनाही कळायला वेळच लागला. डेबियन ही लिनक्सवरची, लोकांनी मिळून बनवलेली संगणक प्रणाली १९९३ पासून आहे, पण पॅकेज (प्रणालीत बसवायचं सॉफ्टवेअर) न बनवणाऱ्या, म्हणजे भाषांतर, लिखाण असलं काम करणाऱ्यांनाही पूर्ण सदस्य करून घ्यायचं हे त्यांनी मतदान घेऊन ठरवलं ते २०१० मध्ये, आणि सदस्य झालं की नेता निवडायला मत आलंच. पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं बघ. ती बनवणाऱ्या गुइडो व्हॅन रॉसमनं २०१८ मध्ये शेवटचा शब्द आपला असण्याचं पद सोडलं, मग २०१९ पासून पाच जणांचं निवडलेलं मंडळ आलं, त्यात नियम असा की एकाच कंपनीचे दोनापेक्षा जास्त नकोत. हाही कोटाच की! त्याला मेरिटचा अपमान कुणी म्हणत नाही, बाईचं नाव निघालं की मात्र मेरिट आठवतं.

"आम्ही मुलगा-मुलगी बघतच नाही" हे वाक्य तुमच्याकडं कुणीतरी टाकलं असणारच. गिटहबच्या २०१७ च्या सर्व्हेत उत्तर देणारे ९५ टक्के पुरुष होते, बायका ३ टक्के. त्याच वर्षी छापून आलेल्या एका अभ्यासात बायकांचे कोडबदल एकंदरीत पुरुषांपेक्षा जास्त स्वीकारले गेले होते, पण प्रोजेक्टला अनोळखी असलेली बाई, आणि प्रोफाइलवरून बाई आहे हे ओळखू आलं, की ते प्रमाण पुरुषांच्या खाली गेलं. न बघणाऱ्यांनाही दिसतं ते असं. शिवाय रात्री दोनला वायफायवर बसून कमिट कोण करू शकतं, आणि कुणाच्या होस्टेलचं गेट आठलाच बंद होतं, तेही जरा आठवा.

पण "बरं दिसतं" म्हणून तिला बसवणार असाल तर नकोच. ग्रामपंचायतीत बायकांना निम्म्या जागा २०११ पासून आहेत, आणि खुर्चीवर बाई, सही बाईची, कारभार सरपंचपतीचा हे आपण गावोगाव बघितलंय. लीड ती आणि मर्जचे, म्हणजे बदल मुख्य कोडात घ्यायचे, हक्क मित्राकडं असं केलंत तर तेच होणार.

तर आधी लीडची कामं एका पानावर लिहा. मुदत एक वर्षाची ठेवा. फोन घेणाऱ्यांना, भाषांतर करणाऱ्यांना पण मत द्या. मतदान गुप्त, पसंतीक्रम लावून, आणि डेबियनसारखा "यापैकी कुणीच नको" हा पर्याय त्यात पाहिजेच. मित्र निवडून आला तरी मला वाईट वाटणार नाही, मात्र फोनवरच्या तक्रारी कुणाच्या गळ्यात पडतात ते त्याला आधी लिहून द्यायला लावा. आणि हो, तिला लीड व्हायचंय का, हे कुणी विचारलंय का?

प्रश्न : आमच्या प्रोजेक्टचा मूळ मालक कुणालाच हक्क देत नाही, सगळं त्याच्याच हातात. फोर्क, म्हणजे कोडची प्रत घेऊन वेगळा प्रोजेक्ट, करावा का? – एक वाचक, परभणी

उत्तर : लायसन्स ओपन सोर्सचं, म्हणजे कोड कुणालाही वापरू-बदलू देणारं, असेल तर करता येतो, पण लोक दोन्हीकडं विभागले की दोन्ही मरतात. आधी त्याच्याकडून फक्त दोघांना मर्जचे हक्क मागा. जँगो या वेबसाइट बनवायच्या पायथन साधनाच्या दोन प्रमुखांनी २०१४ मध्ये आपला शेवटचा शब्द सोडला आणि जँगो अजून धडधाकट आहे, हे त्याला चहा पाजून सांगा. तरी ऐकलं नाही तर मग फोर्क, आणि पहिल्या दिवशीच मुदतीचा नियम लिहा, नाहीतर पुढचा मालक तुम्हीच.